खसखशीचं तेल

क्वेतुशेबाई प्रोजेक्टर घेऊन आल्या
बाबागाडीतून.
वर चादर, चादरीवर बर्फाचा भुगा.
गाडी नातवाची. नातू आता ब्रनोत ट्राम चालवतो.
"मोटर गुणगुणते," त्या म्हणाल्या, "पण हलत काही नाही."
हे मी खूपदा ऐकलंय. यंत्रांबद्दलच असं नाही.

चार स्क्रू. पाचवा कधीतरी हरवलेला,
त्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली,
सावकाश, घाईच्या माणसाचं काम नव्हे ते.
झाकण निघालं आणि आधी वास आला,
बंद पडलेल्या बेकरीचा.

रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. ते अपेक्षित.
इतकी वर्षं न फिरता राहिलं की रबर बसल्या जागी वितळतं,
ते काडीनं, स्पिरिटनं, शिव्या न देता काढायचं.
पण गीअर?
दात्यांमध्ये मधाच्या रंगाचं काहीतरी गोठलेलं,
नखानं खरवडलं तर काचेसारखं उडालं.
बेचवा नदीकाठच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी हेच केलं,
प्रत्येक जोडाला गव्हाच्या दाण्याएवढं ग्रीस.
ग्रीस म्हातारं झालं की मेण होतं.
काच होत नाही.

यात काय घातलंत, बाई?

"विलेम दर नाताळआधी तेल द्यायचा.
तो गेल्यावर मी देत राहिले.
त्याची बाटली संपली, मग माझ्या फडताळातलं.
खसखशीचं. चांगलं, घाण्यावरचं.
केकमध्येसुद्धा मी ते हात राखून घालते."
दर डिसेंबरला चमचाभर, अकरा वर्षं.
लावून?
"लावून कशाला? एकटीनं काय बघायचं?"

डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणतात ते हेच असावं.
फक्त डोळ्यांऐवजी गीअरमध्ये.

खसखशीचं तेल वाळतं.
चित्रकार म्हणून तर ते रंगात मिसळतात,
थर धरतं, कडक होतं, आतलं आहे तसं धरून ठेवतं.
जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या.
"पट्टा गेलाय," मी म्हटलं.

तीन संध्याकाळी गेल्या. टूथब्रश, स्पिरिट,
केस वाळवायच्या यंत्राची ऊब, आणि पुन्हा टूथब्रश.
मग पितळी बुशात एक थेंब, सुईच्या टोकावरून.
पंज्याच्या दांडीखालच्या नमद्याला दोन,
तो पितो आणि काटकसरीनं वाटतो.
भिंगाजवळ काही नाही. खिडकीजवळ काही नाही.
पट्ट्याला, देवाशपथ, काही नाही.
तेल कमी पडलं तर यंत्र ओरडून सांगतं,
जास्त झालं तर सांगत नाही.

हातानं एक फेरा दिला.
पंजा बाहेर आला, खाली ओढलं, आत गेला,
मांजरानं बशीची कड चाचपावी तसा.
अर्धा तास रिकामंच चालवलं.
पुसलं. थोडं आणखी बाहेर आलं.
पुसलं.

त्या आल्या तेव्हा पर्समध्ये एकच रीळ होतं, व्हिनेगरचा वास सुटलेलं.
न्हाणीघराच्या टबात नाताळचा कार्प मासा,
विलेम बाह्या सारून त्याच्याशी बोलतोय,
ओठ हलतात, मासा वळतो, पाणी उडतं,
कुणाचा तरी हात टॉवेल पुढे करतो. बांगडी नाही, अंगठी आहे.
तीन मिनिटं आणि थोडं. मग पांढरं.

बाई पडद्याकडे कमी, यंत्राकडे जास्त बघत होत्या.
"किती हळू बोलतंय. आधी गिरणीसारखं खडखडायचं,
विलेम त्याच्याहून मोठ्यानं बोलायचा."

शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मी दिली.
वर्षाला तीन थेंब. कुठे, तिथे लाल टिंब केलंय.
आणि फिरवायचं, बाई. न फिरवता तेल देऊ नका.
त्यांनी बाटली उजेडात धरली. हुंगली.
"याला तर वासच नाही," म्हणाल्या, जराशा नाराज.

उतारावरून बाबागाडी कुरकुरत गेली,
चौथ्या घरापर्यंत ऐकू येत होती.
तिच्या चाकांना एकेक थेंब
द्यायचा राहूनच गेला.