कामून हसलास?

भुजंगनं रात्री साडेअकराला लिहिलं, चाकणहून:
झोप येईना. प्रत्येकानं एकेक पिक्चर सांगा,
आपला लाडका, हसवणारा.
रडवणारे नकोत, ते कंपनीत रोज आहेत.

खमरनं दम्माममधून तीन पाठवले,
एकावर थांबला तर तो खमर कसला.
खाली टीप: दुसऱ्यात इंटरव्हलनंतर झोपलास तरी चालतंय.
मी आडतीच्या गादीवर, मिरचीच्या पट्ट्या बाजूला सारून
बसलो बराच वेळ.
लाडका म्हणजे कोणता?
बघितलेला, की ऐकलेला?

धर्माबादला तेव्हा जिनिंगच्या मागं
पत्र्याचा व्हिडिओ हॉल होता. दोन रुपये, खाली सतरंजी.
कॅसेटी निजामाबादेहून यायच्या
एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटखालून,
सगळ्या तेलुगू.
आणि फेब्रुवारीत मिरचीचा हंगाम,
हवेतच असा ठसका
की टीव्हीवर कुणी मरो, कुणी चिखलात पडो,
अख्खा हॉल शिंकत, खोकत, डोळे पुसत बसलेला.

तेलुगू फक्त राजन्नाला यायचं.
चिंतावारांचा राजन्ना:
घरात तेलुगू, शाळेत मराठी, मार खाताना दोन्ही.
तो आधी हसायचा.
खमर त्याला ढोसायचा, क्या बोल्या रे उने?
मी विचारायचो, कामून हसलास?
राजन्ना हात वर करून आम्हाला थांबवायचा,
पोट धरून पुरतं हसून घ्यायचा,
मग सांगायचा.
तोवर टीव्हीवर कुणाची तरी मयत निघालेली,
नायिका ऊर बडवतेय
आणि आम्ही सतरंजीवर लोळतोय.
एकदा त्यापायी मल्लेशनं बाहेर काढलं,
पैसे परत न देता.

तो शेळीचोराचा पिक्चर.
नाव कुणालाच आठवत नाही.
हवालदार रिकाम्या दाव्याकडं बघत काहीतरी बोलतो,
राजन्नानं सांगितलेलं ते असं:
शेळी तहसीलला गेलीय, उत्पन्नाचा दाखला काढायला,
चारशिवाय यायची नाही, साहेब जेवायला गेलेत.
तीस वर्षं आम्ही हे वाक्य वापरलं.
माझ्या लग्नात नवरी मांडवात यायला उशीर झाला,
तेव्हा भुजंग मोठ्यानं हेच म्हणाला.
सासरे अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

त्या रात्री शोधता शोधता सापडला मला तो,
शेळीच्या फोटोवरून.
आता खाली इंग्रजीत अक्षरं उमटतात,
तेवढं वाचता येतं मला.
हवालदार आला. दावं आलं.
खाली उमटलं:
उशीर झाला. चला.

दोनदा मागं नेऊन बघितलं.
उशीर झाला. चला.

साडेबाराला राजन्नाला फोन लावला, नांदेडला.
झोपेतच म्हणाला, अरे, ते गुंटूरकडचं तेलुगू,
सुसाट बोलायचे. मला निम्मंही कळायचं नाही.
मग हसायचास कामून? तेही सगळ्यांच्या आधी?
बराच वेळ नुसता त्याच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडंच बघत बसायचात की रे,
टीव्हीकडं कुठं.

शनिवारी चौघांनी एकदमच लावला,
फोनवर एकमेकांना समोर घेऊन,
खालची अक्षरं बंद करून.
भुजंग सेकंड शिफ्ट करून आलेला, बूट तसेच.
खमरच्या मागं कुणाचे तरी कपडे वाळत होते.
नेट अडखळत होतं,
एकच शेळी चार गावांत चार वेळा चोरीला गेली.
माझ्याकडं बाहेर पोती उतरत होती,
ठसका आत येत होता, मी डोळे पुसत होतो.

हवालदार आला.
चष्मा कपाळावर सरकवून राजन्ना हसला.
दम्माममधून खमर ओरडला,
क्या बोल्या रे उने?

राजन्नानं हात वर केला.