पाच अंशांचा बाक

दुब्ना, व्होल्गाकाठ, एकसष्टचा जानेवारी.
तळमजल्याच्या खोलीत अकरा सूक्ष्मदर्शक, अकरा बायका,
खिडक्यांच्या फटींत कोंबलेला कापूस.
रिम्मा पावलोव्ना सातव्या टेबलावर.
रिकामा डोळा मिटायचा नाही,
हे शिकायला तिला एक महिना लागला होता.

काचेवर इमल्शनचा थर, थरात मुरलेलं युरेनियम
आणि त्यात आखूड काळ्या रेघा,
केसाच्या जाडीत तीन मावतील एवढ्या.
एकेक रेघ म्हणजे एकेक अणू, जो आता नाही.

नियम ओतारने सांगितला होता पहिल्याच दिवशी,
फळ्याकडे न जाता, कँटीनच्या टेबलावर
साखरेचे दोन खडे बोटांनी दूर सरकवत:
आत येतो तो न्यूट्रॉन इतका संथ
की हिशोबात त्याला धरायचंच नाही.
आधी शून्य, तर नंतरही शून्य.
म्हणून फुटलेले दोघे पाठीला पाठ लावून निघतात,
जड तो सावकाश, हलका तो सुसाट,
वस्तुमान गुणिले वेग दोन्हीकडे तेवढंच.
संवेग अक्षय्य असतो, रिम्मा पावलोव्ना,
असं म्हणून त्याने दोन्ही खडे
आपल्याच चहात टाकले.

गुणाकार तिला लागला नाही.
रविवारी गोठलेल्या नदीवर ती आणि तिची लेक
तळव्याला तळवा टेकवून एकमेकींना ढकलतात.
ल्यूस्या तीसेक किलोची,
गिरकी घेत जाते थेट होड्यांच्या शेडपर्यंत.
आई दीड-दोन हात मागे सरकते
आणि आपल्याच स्केट्सकडे बघत थांबते.
"तू माझ्याएवढं ढकललंच नाहीस!" लेक लांबून ओरडते.
ढकललं गं. तेवढंच.

मंगळवारी एक रेघ वाकडी निघाली.
फार नाही, पाच अंश,
चालता चालता कुणी कोपर लावून जावं तेवढी.
वहीत तिने लिहिलं:
बाक आहे. तिसरा दिसत नाही.

ओतारने त्यावर पेन्सिल फिरवली.
थर सुकताना आक्रसतो, म्हणाला,
नाहीतर तुमचे डोळे. आठ तास झाले, घरी जा.

गेली घरी. बटाटे सोलले.
टेबलाच्या खणात तो कागद तसाच होता,
घटस्फोटाचा, शिक्क्यासकट,
खाली दोघांच्याच सह्या.
ल्यूस्या भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

बुधवारी तिने तीच प्लेट परत मागून घेतली
आणि दुसऱ्या कुणाला न सांगता
फोकसचा स्क्रू इतका हळू फिरवत गेली
की पोहरा पाण्याला टेकतानाही आवाज होऊ नये.
काळी रेघ विरघळली. धुकं.
आणखी खाली. धूळ, एक बुडबुडा.
आणखी.
मग एक कण, पुढे दुसरा, मध्ये मोकळी जागा, तिसरा,
उसवलेल्या टाक्यासारखी बारीक रेघ,
तिरकी, आत आत उतरत गेलेली,
त्या दोघांच्या मिळून लांबीच्या पाचपट लांब.
बाकाचं कोपर जिकडे रोखलेलं होतं
बरोबर तिकडेच.

अल्फा, ओतार म्हणाला, आणि बराच वेळ
दुसऱ्या कुणाला त्याने डोळा लावू दिला नाही.
पाचशेत एखादा अणू असा, तिघांत फुटणारा.
मग खुर्ची ओढून बसला, कोन मोजले, सरकपट्टी काढली,
बेरीज करून पाहिली.
शून्याच्या अगदी जवळ आली आणि अडली.

"एवढं राहिलंच," ती म्हणाली.

"ते न्यूट्रॉन. दोन-तीन असतील.
ते रेघ ओढत नाहीत."

"मग कळायचं कसं?"

"उरतं त्यावरून."

त्याने खोडरबर शोधला, सापडला नाही.
तेव्हा त्याच्या पेन्सिलीच्या काटीवरच तिने शाईने
कालचं वाक्य पुन्हा गिरवलं,
फक्त "दिसत नाही" याच्या आधी
"अजून" असं लिहून.
नंतर तेही पुरं वाटेना.
खाली तारीख घातली, खोली घातली मायक्रॉनमध्ये,
आणि पुढची प्लेट घेतली.