तिसरी फेरी

निपाणीत मी गाडी भाड्यानं देतो
म्हणून तिची पाटी काळी, आकडे पिवळे,
आणि आठ वर्षं पुरी झाल्यापासून
दर साली फिटनेस.
मार्चमध्ये, तंबाखूच्या वखारीसमोर
रस्त्यालाही ठसका लागतो तेव्हा
तिला घेऊन चिकोडीला जायचं,
मैदानात रांगेला लावायचं :
पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं शाळेची बस.
टमटमवाले विचारतात, ही कुठली पाव्हणी?

पाव्हणीच.
तिनं लेह बघितलंय. मी नाही.
हंपी पाच वेळा, गोकर्ण मोजलेलं नाही.
पोरं परत आणून देतात तेव्हा
चेनमध्ये वाळू असते,
डाव्या पेटीत कधी जर्दाळूच्या बिया.
मी वाळू झाडतो, किलोमीटर लिहितो,
अनामत परत करतो.

आदल्या रात्री दस्तगीर तिला स्टँडवर घेतो,
चाक फिरवून कान लावतो.
तरी काहीतरी निघतंच.
एका साली हॉर्न. एका साली आरसा,
एका साली पुतण्यानं हौसेनं
देवनागरीत रंगवलेला नंबर.
मठपती साहेब पाटीपुढं उकिडवे बसले,
"मराठी पण नको, कन्नड पण नको," म्हणाले,
"इंग्लिश आकडा घाल. भांडण नको, जेवायची वेळ झालंय."

नियम असा की साहेबांनी स्वतः चालवून बघायचं.
लिंबाला वळसा घालून दोन फेऱ्या,
दोनदा ब्रेक, उतरायचं, सही.
सोळा वर्षांत कुणी त्यांना
तिसरी फेरी मारताना बघितलं नव्हतं.

यंदा मारली.
निम्मी मारली, खरं तर.
फाटकापाशी आले आणि वळलेच नाहीत.

उतारावर तिसरा गिअर ऐकू आला.
पुढं चौथा.
मग नुसता कावळा.
कारकून बाहेर आला, "साहेब्रु एल्लि?"
मी रस्त्याकडं बोट केलं.
ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं
आणि बिडी काढली.

पंचवीस मिनिटांनी आले.
शर्टावर चिलटं,
लेगगार्डमध्ये उसाचं एक हिरवं पान अडकलेलं.
गाडी बंद करायचं ध्यानात नव्हतं त्यांच्या.
तशाच धडधडत्या गाडीवर बसून विचारलं,
"वर लेहला हवा कमी असतंय म्हणे.
हिला दम लागतंय काय?"
लागतो म्हणतात, मी म्हटलं. पण थांबत नाही.
"तू गेलायस?"
नाही.
"मी पण नाही."

मग उतरले, पेन काढलं
आणि नापास केलं.
साहेब!
"मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही.
वळणावर मी ब्रेक दाबला, मागचा ट्रकवाला
आईवरून बोलला, तवा कळालं.
सोमवारी आण."

बल्ब वीस रुपयांचा.
दस्तगीरनं पैसे घेतले नाहीत, शिव्या तेवढ्या दिल्या,
स्वतःलाच.

सोमवारी नवा पोरगा होता, इस्त्रीचा.
त्यानं चार बाजूंनी चार फोटो घेतले,
दिवा लागतो का बघितलं,
बसला नाही. पास.
मठपती साहेब?
शनिवारी रिटायर झाले, कारकून म्हणाला,
पेढा संपलाय.

नापासाचा कागद फाडायला हवा होता.
सीटखाली पान्यांच्या पिशवीत तसाच आहे,
कन्नडातलं ते वळणदार अक्षर
ग्रीस लागून पारदर्शक झालेलं.

मे महिन्यात, दुपारी, दुकानात कुणी नसताना
फोन आला.
"मठपती बोलतोय. अनामत किती?"
सांगितली.
किती दिवसांसाठी, मी विचारलं.
पलीकडं बराच वेळ
नुसता पंखा फिरत होता.