इतरत्र न मोडणारे

न्यूपोर्टच्या सांख्यिकी कार्यालयात
मी माणसांना आकडे लावते.
कुणी लिहितं, छपरं शाकारतो. कुणी, कुत्र्यांचे केस कापते.
एकाने नुसतं लिहिलं होतं: समुद्र.
चार आकडी कोड, एंटर, पुढचा.
खिडकीबाहेर अस्क नदी ओहोटीला लागलेली,
चिखल साहेबाच्या बुटासारखा चकाकतो.

मंगळवारी एक कागद अडला.
लेस्टरचे कुणी आजोबा, अक्षर टाकाने गिरवल्यासारखं:
अव्वल कारकून, महसूल, निवृत्त. वर्ग तीन.
मशीन म्हणालं, असं काही नसतं.
नेरिस म्हणाली, कुठल्या खेळातलं आहे का हे?

मग मी सांगत बसले.
कारकून, त्यावर अव्वल कारकून, त्यावर नायब तहसीलदार,
आणि नुसत्या नायबावर जाऊ नकोस,
त्याच्या खुर्चीला हात असतात.
हात?
हो. वर्ग तीनच्या खुर्चीला नसतात.
वर्ग दोनला हात फुटतात, पाठीवर टॉवेल येतो,
टेबलावर काच, काचेखाली बालाजी.
राजपत्रित झाला की शाई हिरवी होते,
आणि तो सही करेल ती झेरॉक्स सत्यप्रत होते.
वर्ग एकच्या दाराला पडदा. आणि टेबलावर घंटा.

घंटा कुणासाठी, तिनं विचारलं.

मी कॉफी आणायला उठले.

बाबा जिंतूरच्या तहसीलला कनिष्ठ लिपिक, पुरवठा शाखा.
ते गेले तेव्हा आई सातवी पास.
अनुकंपेच्या यादीत दोन वर्षं काढल्यावर आदेश निघाला:
शिपाई.
त्या शब्दाला स्त्रीलिंग नव्हतं.
ज्या टेबलावर बाबांचे शिक्के असायचे
तिथंच ती पाण्याचा ग्लास ठेवायची, झाकण घालून.
पलीकडचे लहाने भाऊसाहेब,
आमच्या घरी 'वहिनी, अजून एक' म्हणत पोळी मागणारे,
आठ दिवस तिला काहीच म्हणाले नाहीत.
नवव्या दिवशी म्हणाले,
गयाबाई, चहा.

पुढे कधीतरी वर्ग चारचा गट ड झाला.
आकडा गेला, अक्षर आलं. घंटा तीच.
आईनं विचारलं, ड म्हणजे क पासून कितवा गं?
मी बोटं मोजली. तेरावा, म्हणाले,
आणि दोघी गप्प झालो.

मला इथं नोकरी लागली तेव्हा
पदाच्या नावात ऑफिसर होतं.
आईनं तहसीलभर पेढे वाटले, पडद्याआड जाऊन साहेबांनासुद्धा.
मी तिला अजून सांगितलेलं नाही
की ह्या देशात कारकुनालाच ऑफिसर म्हणतात,
की माझ्या डोक्यावर अजून पाच-सहा पायऱ्या आहेत.
खुर्चीला हात आहेत, पण ते सगळ्यांच्याच.
डिलविन, आमचा मुख्य, आपला मग आपणच विसळतो,
एवढंच सांगितलं, तर तेही तिला पटलं नाही.
म्हणाली, मग तिथला शिपाई करतो काय?

मागच्या उन्हाळ्यात येऊन राहिली.
मायक्रोवेव्ह टिंग झाला की उठायची.
दर वेळी. पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत,
मग तिथंच थांबून हसायची:
ऐकू आलं की पाय आपले जातात बघ.

यादीच्या अगदी तळाशी एक रकाना असतो:
इतरत्र न मोडणारे.
टाक त्यात, नेरिस म्हणाली, पाच वाजत आलेत.
मी टाकलं नाही. शोधत राहिले, सरकारी, कारकुनी,
जमीन, सारा, हाताखाली किती माणसं,
आणि सापडला आजोबांना एक बऱ्यापैकी आकडा.
अव्वल तेवढा उरला. त्याला जागा नव्हती.

तो शब्द मी माझ्या वहीत उतरवून घेतला.
पेन निळंच होतं.