एकच व्यक्ती

खानापुरात तहसीलच्या भिंतीला टेकून माझं दुकान आहे.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळे ऑनलाइन अर्ज.
वीज गेली की मी बाहेर बाकावर बसतो
आणि स्कॉलरशिप म्हणजे काय ते तोंडी सांगतो.

संज्ञा घाडी आली तेव्हा श्रावण सरत होता.
बी.एस्सी. पहिलं वर्ष, बेळगावला,
हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल.
बसमध्ये तिला शून्याचं तिकीट मिळतं.
ती सगळी तिकिटं तिनं पिन मारून ठेवली होती.
कशाला गं, म्हटलं.
कुणी विचारलं तर, म्हणाली, सरकारनं काय दिलं
ते दाखवायला.

बस. ऐक, म्हटलं.
आधी फी तू भरायची.
मग ते म्हणणार, भरलीस ना, आता घे.
"भरायला असते तर मागितले असते कशाला मा?"
हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. पुढं चल.

जातीचा दाखला जन्मभर चालतो.
गरिबीचा पाच वर्षांत संपतो.
(ती हसली नाही. हा विनोद मी रोज करतो.)

नाडकचेरीत बाई म्हणाल्या, सर्वर इल्ला, नाळे बन्नि.
नाळे म्हणजे उद्या.
तो उद्या शुक्रवारी निघाला
आणि पुढच्या गुरुवारी पोचला.

मग नावावर अडलं.
आधारावर इंग्रजीत डी, एन, वाय.
दहावीच्या मार्कशीटवर जे, एन.
मराठीत लिहा, कानडीत लिहा, ज्ञ तो ज्ञच,
ज ला ञ चिकटलेला;
इंग्रजीत नेला की फाटतो.
स्क्रीनवर लाल अक्षरं: जुळत नाही.

वकिलाच्या टेबलावर पन्नासचा बाँड, शंभर त्यांचे.
'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.'
तिनं दोनदा वाचलं.
"आणि हे खोटं निघालं तर?"

दिवाळी गेली. संक्रांत गेली.
तिच्या वडिलांनी भट्टीवर उचल घेतली
पुढच्या हंगामाच्या विटांवर,
ज्यांची माती अजून शेतातच होती.
होस्टेलात तिनं रात्रीचं ताट बंद केलं,
उपास आहे म्हणून सांगायची.
आठवड्यात पाच उपास, कुठल्या देवाचे,
मी विचारलं नाही.

स्क्रीन म्हणायची: मंजूर. रक्कम जमा.
खात्यात त्रेसष्ट रुपये.

अठरा वर्षं दुकान चालवून मला तेव्हा नीट कळलं:
पैसा आपण लिहिलेल्या खात्यात जात नाही.
आधार शेवटी जिथं जोडलेलं, तिथं जातो,
विकलेल्या गाईसारखा जुन्या गोठ्यात.

नंदगडच्या बँकेत, सातवीत असताना
शाळेनं काढलेलं खातं.
पासबुकात दोन वेण्या, लाल रिबिनी,
आणि बारा हजार चारशे, चार महिने पडून.
मॅनेजरनं फोटो बघितला, मग तिला, मग परत फोटो.
ती म्हणाली, इब्बरू ओब्बळे, सर,
आणि फाईलमधून बाँड काढला.

पैसे त्याच दुपारी भट्टीवर गेले, उचल फेडायला.

काल परत आली. जरा भरलेली वाटली तोंडावर.
बाँड लॅमिनेट करून द्या, म्हणाली.
म्हटलं, लॅमिनेट केलेला ऑफिसात घेत नाहीत.
मग झेरॉक्स काढा.
किती?
पुढच्या वर्षीचा फॉर्म, त्याच्या पुढच्या वर्षीचा,
तिनं बोटं मोजली,
"लग्नापर्यंत पुरतील एवढ्या.
त्यानंतर नवीनच बाँड लागंल की."

मी वीस काढल्या.
अठराचे पैसे घेतले.