अर्धं पाऊल

माझी आई स्तोइल्का आणि काकू ग्युर्गेना, सख्ख्या जावा.
कुंपणावरच्या प्लमच्या झाडावरून
सतरा वर्षं अबोला.
रस्ता आमच्या गावापाशी संपतो,
सोफियाची बस वळून माघारी जाते.
या दोघी वळल्या नाहीत.

पण सणाला चौकात उभ्या राहायच्या,
खांद्याला खांदा लावून.
आई एकच सूर धरायची, खुंटा ठोकल्यासारखा.
काकू यायची अगदी शेजारी,
अर्ध्या पावलावर,
आणि तिथेच अडायची.
आवाजाला आवाज घासायचा,
हवेत तिसरंच काहीतरी थरथरायचं,
उतारावरच्या मेंढ्या माना वर करायच्या.

शाळेतला नवा मास्तर म्हणाला,
जरा लांब सरका, गोड लागेल.
आई म्हणाली, गोडाला मुरंबा आहे घरी.
भांड्याला भांडं लागू दे की.

यंदा काकूच्या घशाचं ऑपरेशन झालं.
सप्टेंबरात, फळं कुंपणाच्या दोन्ही अंगांना सडत होती तेव्हा,
आई झाडाखाली गेली. सूर धरला.
धरूनच राहिली.
बऱ्याच वेळाने खिडकीतून
काकूचा आवाज आला, फाटका,
चाचपडत,
आणि दमून आईच्याच सुरावर टेकला.

एक झाला सूर.
सपाट. काहीच थरथरेना.
आई घाबरली, मी पाहिलं.

मग जन्मात कधी न हललेली ती
अर्धं पाऊल बाजूला झाली,
काकूला घासायला
जागा करून दिली.