सहाशे चाळीस

सिकंदराबादहून मीटरगेजनं सेलूला उतरलो
तेव्हा माझ्या जेवणाच्या डब्यात दोन मेगाबाइट होते,
काळ्या स्पंजात पाय रोवून बसलेल्या चिपा,
त्यांना खालच्या पुडातल्या लोणच्याचा वास.

काबराशेठच्या जिनिंगात, काट्याच्या खोलीतच
संगणक. पंख्यात रुई अडकलेली.
झाकण काढलं, फुंकर मारली,
कार्ड दाबून बसवलं, बटण टाकलं.
पडद्यावर आकडे चढायला लागले:
चौसष्ट, एकशे अठ्ठावीस,
आणि सहाशे चाळीसवर थांबले,
जसे कार्ड नसताना थांबायचे.

"दोन मेगाचे पैसे मोजले
अन् हे तिथंच दमायलंय? बाकीची गेली कुठं?"
मी म्हणालो, आहे शेठ, कार्डावरच आहे.
पण ह्याच्याकडं पत्त्याच्या तारा वीस.
विसांत मावतो एक मेगा,
त्यातली वरची आळी पडद्यानं आधीच धरलेली.
पलीकडं कितीही बसवा, ह्याला ते ठाऊक नाही.

काट्यावरून मुजीबचाचा म्हणाले,
"म्हंजे जमीन हाय, सातबाऱ्यावर नाव नाही."

मग मी फ्लॉपीतून एक खिडकी उघडली.
चौसष्टचीच. तिच्यातून पलीकडचं
पान-पान आत घ्यायचं,
एक आलं की एक गेलं.
त्या खिडकीमागं खोटी डिस्क मांडली,
आवकीची वही तिच्यात ठेवली.
वही अशी पळाली
की शेठनं दुपारपासून स्थळप्रत बंद केली.
कार्बन वाचला, म्हणाले.

चार वाजता लाईट गेली.
यूपीएस होता. त्याची बॅटरी
दिवाळीतच उतरलेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं
आणि मीही विचारलं नव्हतं.

लाईट आली. सहाशे चाळीस.
पलीकडं काही नाही.

चिठ्ठ्या गाडीवाल्यांच्या खिशात, गाडीवाले
वालूर, मानवत, कुठं कुठं.
मुजीबचाचांनी तंबाखू थुंकली, खुर्ची ओढली
आणि डोळे मिटून सांगायला बसले.
नावं नाही सांगितली. बैल सांगितले.
तांबडी जोडी, डाव्याचं शिंग मोडकं: अकरा चाळीस.
बांडा आणि एक पांढरा, पांढरा लंगडायचा: नऊ पंच्याऐंशी.
धुरीला घुंगरू, गाडीत झोपलेलं पोरगं,
पोराचं वजन वजा: दहा बावीस.
मी टाइप करत गेलो.
दर पाच ओळींना हार्डडिस्कवर उतरवत गेलो,
तिचा खर्रर्र आवाज येईपर्यंत
पुढची गाडी घेतली नाही.
बेचाळीस झाल्या.

रात्री शेठनं मला भाडं दिलं,
मजुरी नाही. बरोबरच होतं.

सकाळी गाडीची वाट बघत मी फाटकाशी उभा,
तर एकजण आला, टोपीतून
चौघडी चिठ्ठी काढली. काल तीनची.
वहीत नव्हती.

चाचांनी चिठ्ठी उन्हात धरली,
जवळ नेली, लांब नेली.
अक्षर त्यांचंच.
"बैल कसले होते रे तुझे?"
तो म्हणाला, "काळे. दोन्ही."
चाचा बराच वेळ बघत राहिले,
त्याच्याकडं नाही, काट्याच्या रिकाम्या फळीकडं.